दाबलेलं बटण परत वर येतं का?



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ६२ ते ६४.

हे श्लोक आपल्यापैकी बऱ्याच जणांना पाठ असतील. मलाही आहेत. पण परवा मला राग आला तेव्हा त्यातला एकही आठवला नाही.

झालं असं की रविवारी मामाकडची मंडळी घरी आली होती. ११ वर्षांचा मामेभाऊ आणि मी गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळत होतो. तो जिंकला, आनंदाने उडाला आणि ग्लासातलं कोकम सरबत थेट माझ्या कंट्रोलरवर. घाबरून त्याने स्वतःच्या टी-शर्टनेच पुसलं. वरून कोरडं दिसत होतं. मी "असू दे रे" म्हणालो आणि विषय संपला.

मंगळवारी रात्री कळलं की संपला नव्हता. त्या गेममध्ये क्रॉसचं बटण म्हणजे ॲक्सिलरेटर. ते दाबलं की खालीच अडकून बसायचं. मी बोट उचललं तरी गाडी धावतच राहायची, वळणावर जाऊन भिंतीला आपटायची. दोन-तीनदा असं झाल्यावर मी मामीच्या मोबाइलवर फोन लावला, त्याला बोलावलं आणि सुनावलं, "पुन्हा माझ्या वस्तूंना हात लावायचा नाही." तो फक्त "हो दादा" म्हणाला.

फोन ठेवला, पण डोक्यातलं भांडण थांबेना. अर्धा तास मी मनातल्या मनात त्याला बोलतच होतो. समोर कुणी नव्हतं. बोट उचललेलं होतं आणि गाडी धावत होती.

बुधवारी संध्याकाळी कंट्रोलर उघडला. मागचे चार स्क्रू काढले, दोन्ही भागांना जोडणारी नाजूक पट्टी सांभाळून सोडवली, बॅटरीची वायर काढली. आत रचना साधीच असते. बटणाच्या खाली रबराची मऊ गादी, तिच्याखाली सर्किट. दाबलं की गादी दबते, सोडलं की तीच बटणाला वर ढकलते. क्रॉसच्या बटणाभोवती सरबताचा लालसर पाक बसला होता. पाणी केव्हाच उडून गेलं होतं, साखर मागे राहिली होती.

मी आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलं, कारण सगळे तेच सांगतात. पण साखर अल्कोहोलमध्ये जवळपास विरघळतच नाही. ती विरघळते साध्या पाण्यात. मग बटणं आणि रबराची गादी कोमट पाण्यात ठेवली. सर्किट भिजवायचं नसतं, म्हणून तिथे कापसाची काडी जेमतेम ओली करून फिरवली आणि मग अल्कोहोलने पुसलं, म्हणजे राहिलेला ओलावा लवकर उडतो. सगळं रात्रभर वाळत ठेवलं.

बटणं पाण्यात होती तेव्हा पोथी उघडली आणि ६२व्या श्लोकावर थांबलो. भगवंत रागाची सुरुवात रागापासून करत नाहीत. आधी विषयाचं सतत चिंतन, त्यातून संग, संगातून काम आणि मग कुठे क्रोध. पुढच्या श्लोकात क्रोधातून संमोह, स्मृतीचा भ्रंश आणि बुद्धीचा नाश. 'संग' हा शब्द ज्या संस्कृत धातूपासून आला, त्याचा अर्थच मुळी चिकटणं. 'आसक्ती'ही त्याच धातूची. म्हणजे राग हे वर दिसणारं अडकलेलं बटण, चिकटा खाली आहे. आणि आपण मात्र टी-शर्टने वरवर पुसतो आणि "असू दे रे" म्हणतो.

इथे एक प्रश्न येतोच. चूक त्याची होती ना? मग रागावणं गैर कसं? आणि संग इतका वाईट असेल तर गेमच सोडून द्यावा का?

मला ६४व्या श्लोकात उत्तर सापडलं. तिथे विषयांमध्ये वावरूच नका असं म्हटलेलं नाही. राग-द्वेषापासून सुटलेल्या, स्वाधीन इंद्रियांनी जो विषयांमध्ये वावरतो, त्याला प्रसन्नता मिळते असं आहे. दाबलं जाणं हा बटणाचा दोष नव्हे, ते त्याचं कामच आहे. जे दाबलंच जात नाही तेही बिघडलेलंच. चुकीला चूक म्हणावं, गरज असेल तर आवाजही चढवावा. प्रश्न एवढाच की बोट उचलल्यावर आपण परत वर येतो का?

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. सरबत फक्त क्रॉसच्या बाजूला गेलं होतं. पण चौकोनाच्या बटणाखालीही काळा मळ निघाला. तो माझाच होता, कित्येक वर्षं वेफर्सच्या बोटांनी खेळल्याचा. उघडलं नसतं तर तोही मी त्याच्याच नावावर टाकला असता.

गुरुवारी सकाळी कंट्रोलर जोडला. बटण खाली गेलं आणि टक्कन वर आलं. मग मामीच्या मोबाइलवर फोन केला. मी काही बोलायच्या आत पलीकडून आवाज आला, "दादा, बटण नीट झालं का?" मंगळवारपासून तो हेच धरून बसला होता. माझ्या चिकट्याचा एक थेंब मी त्याच्या मनात सांडला होता. तो पुसायला कोमट पाणीच लागणार, आणि वेळही लागणार. मी सॉरी म्हणालो आणि रविवारी खेळायला बोलावलं. "येतो" म्हणाला, पण जरा थांबून.

आजचा अभ्यास: रात्री झोपण्यापूर्वी एकदा पाहूया, आज दिवसभरात दाबलेलं कोणतं बटण अजून खालीच आहे?

श्रीकृष्णार्पणमस्तु.