नाव ठेवावे, नावे ठेवू नयेत



आपल्या मराठी भाषेत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत केवळ एका मात्रेचे अंतर आहे. पहिल्याने नवजात बालकाला ओळख मिळते, तर दुसऱ्याने माणसाची अब्रू जाते. दिव्य कुरआनच्या ‘अल्-हुजुरात’ या अध्यायात (४९ : ११) श्रद्धावंतांना एकमेकांना वाईट टोपणनावांनी हाक मारण्यास मनाई केली आहे. म्हणजे दुसऱ्या क्रियेला बंदी आहे. पहिली मात्र आईवडिलांवरची जबाबदारी आहे, आणि हा लेख तिच्याविषयी आहे. मशिदीच्या इमामाला निकाह आणि जनाजा यांच्या खालोखाल जर कशासाठी बोलावणे येत असेल, तर ते नावासाठी. अलीकडे त्या विचारणेत एक अट हमखास असते : नाव असे सांगा की कोणी ऐकलेले नसावे.

या अटीत मुळात काही पाप नाही. ज़करिया (अ.) यांनी म्हातारपणी, हाडे ठिसूळ झालेली असताना, हलक्या आवाजात पुत्रासाठी प्रार्थना केली, तेव्हा अल्लाहने त्यांना यह्या या पुत्राची शुभवार्ता दिली आणि या नावाचा मनुष्य पूर्वी झालेला नाही असेही सांगितले (१९ : ७). म्हणजे सर्वस्वी नवे नाव प्रत्यक्ष अल्लाहने दिल्याचे उदाहरण कुरआनात आहे. पण तेथे आधी दुआ आहे, मग नाव. आपल्याकडे पुष्कळदा आधी नाव असते, त्याची इंग्रजी अद्याक्षरे असतात, पाळण्यावर लावायची पाटी असते, आणि दुआ तेवढी राहून जाते.

याच संदर्भात मरयम (अ.) यांच्या मातेची कथा वाचा (३ : ३५-३६). त्यांनी पोटातले अपत्य अल्लाहच्या सेवेला वाहिले होते. पुत्राची अपेक्षा होती, कन्या झाली. त्या माऊलीने मुलीचे नाव मरयम ठेवले आणि लगोलग तिला व तिच्या संततीला सैतानापासून अल्लाहच्या आश्रयात सोपवले. येथे नाव ठेवणारी आई आहे, हे आमच्या घरांतील वडीलधाऱ्यांनी लक्षात घ्यावे. आजोबा, फूफी, दिराची मुले या सर्वांची मते ऐकली जातात आणि नऊ महिने भार वाहिलेली सून तेवढी गप्प बसवली जाते, असे मी पुष्कळ घरांत पाहतो. आईबापांनी आपसांत विचार करून नाव ठेवावे. एकमत न झाल्यास अखेरचा शब्द पित्याचा, असे उलेमांनी म्हटले आहे. पण अखेरचा शब्द आधी उच्चारायचा नसतो.

आता प्रेषित मुहम्मद (स.) यांचे आचरण पाहू. अल्लाहला सर्वांत प्रिय नावे अब्दुल्लाह आणि अब्दुर्रहमान, असे त्यांनी सांगितल्याचे ‘सहीह मुस्लिम’मध्ये आहे. हे आपल्याला ठाऊक असते. त्यांनी कोणती नावे बदलली आणि कोणती तशीच राहू दिली, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. एका मुलीचे नाव ‘आसिया’ होते, म्हणजे अवज्ञा करणारी. ते बदलून त्यांनी ‘जमीला’ केले. (ज्यांच्या घरी आसिया आहे त्यांनी घाबरू नये. फिरऔनच्या श्रद्धावान पत्नीचे नाव अलिफ आणि सीन यांनी लिहिले जाते, तर बदललेले नाव ऐन आणि साद यांनी. देवनागरीत दोन्ही सारखीच दिसतात.) ‘बर्रा’ म्हणजे पुण्यशील, त्यात स्वतःच्या पावित्र्याची बढाई येते म्हणून ते ‘जैनब’ झाले. ‘हज्न’ म्हणजे खडकाळ जमीन. त्या गृहस्थांना ‘सहल’ म्हणजे मऊ, सपाट भूमी असे नाव सुचवले, पण वडिलांनी ठेवलेले नाव मी बदलणार नाही असे ते म्हणाले. त्यांचे नातू सईद बिन मुसय्यब हे थोर ताबिई पुढे सांगत की तेव्हापासून आमच्या घराण्यात तो कठोरपणा टिकूनच राहिला. ही नोंद ‘सहीह बुखारी’तील आहे.

पण दुसरी बाजूही तितकीच बोलकी आहे. तल्हा हे एका काटेरी झाडाचे नाव. समुरा हेही झाडच. हम्जा, अब्बास, उसामा या सर्वांचा संबंध सिंहाशी. हन्जला म्हणजे आपल्याकडे ज्याला कडू वृंदावन म्हणतात ते फळ! उहुदच्या रणात शहीद झालेल्या आणि फरिश्त्यांनी ज्यांना स्नान घातले त्या सहाबींचे (रजि.) हेच नाव होते, आणि ते बदलले गेले नाही. खदीजा या शब्दात दिवस भरण्यापूर्वी जन्मल्याचा अर्थ आहे, तर फातिमा या शब्दात अंगावरचे दूध तुटल्याचा. थोडक्यात, अरबांनी आपली नावे रानातून, वाळवंटातून, बाळंतिणीच्या खोलीतून उचलली होती, आणि ज्यांत शिर्क, अहंकार किंवा अमंगळ नव्हते ती प्रेषितांनी (स.) कायम ठेवली. मग एखाद्याने मुलाला ‘रैहान’ म्हटले तर त्याला कोण हरकत घेणार? तो तर कुरआनातील शब्द आहे (५५ : १२), सुगंधी वनस्पती असा त्याचा अर्थ, आणि फालुद्यात पडणारा आपला सब्जा त्याच जातीचा. ‘झोया’ऐवजी चांगले मुसलमानी नाव सुचवा, असे मला सांगितले जाते. झोया मूळचे ग्रीक, रशियाच्या वाटेने आलेले. त्याचा अर्थ ‘जीवन’. आयशा म्हणजे ‘जगणारी’. या दोन शब्दांच्या अर्थांत कितीसे अंतर आहे? परवीन, नर्गिस, शिरीन ही आपल्या आज्या-पणज्यांची नावे अरबी नव्हतीच, फारसी होती. समीर तर संस्कृतात वारा आणि अरबीत रात्रीच्या गप्पांचा सोबती. दोन्ही अर्थ निर्दोष. ‘अर्तुग्रुल’ ही तुर्की मालिकेची देणगी. उस्मानी राज्याच्या संस्थापकाच्या वडिलांचे ते नाव, शरीअतची त्यालाही हरकत नाही. मात्र पनवेलच्या शाळेत हजेरी घेणाऱ्या बाईंची जीभ आणि त्या मुलाचा संयम यांचा विचार ज्याचा त्याने करावा.

खरी चिंता वाटते ती वेगळ्याच रीतीची. कुरआन उघडायचा, डोळे मिटून बोट ठेवायचे, बोटाखाली येईल तो शब्द नाव म्हणून घ्यायचा. यामागचे प्रेम मला समजते. पण कुरआनात नंदनवन आहे तसा नरकही आहे; मूसा (अ.) आहेत तसा फिरऔनही आहे. ‘अलैना’ या कुरआनी शब्दाचा अर्थ ‘आमच्यावर’ एवढाच. ‘मिन्हा’ म्हणजे ‘तिच्यातून’. (दान या अर्थाचा ‘मिन्हा’ निराळा, त्यात वेगळी अक्षरे आहेत, तो शब्द धरून नाव ठेवले असेल तर उत्तम.) ‘अर्रहमान’ या अध्यायात वारंवार येणारा ‘तुकज्जिबान’ कानाला गोड लागतो, पण त्याचा अर्थ ‘तुम्ही दोघे नाकारता’ असा आहे. आपल्या लेकीला आयुष्यभर या शब्दाने हाक मारायची काय? कुरआन हे मार्गदर्शन आहे, चिठ्ठ्या टाकण्याचे भांडे नव्हे. ज्याला अरबी येत नाही त्याने बोट जरूर ठेवावे, पण त्या ओळीचा मराठी अनुवाद वाचूनच उठावे.

आणि मराठीत आपल्याला एक जास्तीची खबरदारी घ्यावी लागते. आपल्या ‘ज’ला दोन उच्चार आहेत : थोडे या अर्थाचा ‘जरा’ वेगळा आणि वार्धक्य या अर्थाचा ‘जरा’ वेगळा. ‘जलील’ म्हणजे वैभवशाली. पण तोच ‘ज’ ‘जहाज’मधल्यासारखा उच्चारला की तो ‘अपमानित’ होतो. ‘अलीम’ ऐनने लिहिला तर सर्वज्ञ, अलिफने लिहिला तर यातनादायक. म्हणून नाव ठरले की ते घरातल्या सर्वांकडून मोठ्याने म्हणवून घ्यावे.

अशीच एक मोडतोड आपण रोज करतो. ‘अब्दुल’ हे नाव नाही, अर्धे वाक्य आहे. ‘अब्द’ म्हणजे दास, आणि त्याला चिकटलेला ‘अल्’ पुढच्या शब्दाचा. आपण अब्दुर्रज्जाकला ‘रज्जाक’ म्हणून हाक मारतो, तेव्हा अन्नदात्याचे नाव अन्न मागणाऱ्याला देऊन बसतो. आणि नुसते ‘अब्दुल’ म्हणतो तेव्हा तो कोणाचा दास, हेच सांगायचे राहते. रहीम, करीम, रऊफ यांसारखे गुणवाचक शब्द माणसांसाठीही वापरता येतात, रऊफ आणि रहीम हे शब्द खुद्द कुरआनने प्रेषितांविषयी (स.) वापरले आहेत (९ : १२८). रहमान, रज्जाक, खालिक, कुद्दूस यांना मात्र ‘अब्द’ हवाच.

आता मूळ दुखण्याकडे वळतो. आपल्या मुलखात भीतीपोटी नाव ठेवण्याची रीत जुनी आहे. लागोपाठ मुले दगावली की पुढच्याचे नाव दगडू, धोंडू, भिकन. अशाला मृत्यूची नजर लागणार नाही या समजुतीने. आपल्या खेड्यांतील मुस्लिम घरेही या समजुतीतून सुटलेली नव्हती. मुली नकोशा झाल्या की ‘नकुशी’. सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींचे ऑक्टोबर २०११ मध्ये जाहीर समारंभात नव्याने नामकरण करण्यात आले. ‘आसिया’ची ‘जमीला’ करणाऱ्या प्रेषितांचे (स.) अनुयायी म्हणून त्या समारंभाचे आपल्याला अप्रूप वाटले पाहिजे. मुलगी झाल्याचे ऐकून काळवंडणारा चेहरा कुरआनने (१६ : ५८-५९) अज्ञानाची खूण म्हणून दाखवला आहे, आणि मुलीचे नाव चांगले ठेवूनही तो चेहरा तसाच राहू शकतो.

आज भीती बदलली आहे. पनवेल, कामोठे, खारघर येथे भाड्याचे घर शोधणारा तरुण पिता मला विचारतो की मुलाचे नाव असे ठेवू का, की ऐकून तो कोण आहे ते कळू नये. नाव सांगताच फोनवरचा आवाज कसा बदलतो, हे त्याने अनुभवलेले असते. त्याला मी भित्रा म्हणणार नाही. त्याचे दुःख खरे आहे, आणि नाव अरबीच असावे अशी शरीअतची सक्तीही नाही. पण माझ्या भावा, दोन गोष्टी पाहा. एक, महाराष्ट्रात मुलाच्या नावापुढे पित्याचे नाव आणि आडनाव लागतेच. कुरआननेही मुलांना त्यांच्या पित्याच्या नात्याने हाक मारण्यास सांगितले आहे (३३ : ५). म्हणजे तू मुलाच्या नावात जे लपवशील ते तुझे स्वतःचे नाव सांगून टाकील. दुसरी, मूल मोठे झाल्यावर आपल्या नावाची कथा विचारते. तेव्हा अर्थ सांगता आला पाहिजे. लोकांना कळू नये म्हणून हे नाव ठेवले, हे उत्तर त्याच्या पाठीचा कणा वाकवील. सुंदर अर्थासाठी ‘समीर’ ठेव, मी स्वतः कानात अजान देईन. लपण्यासाठी ठेवू नकोस.

आपल्याच जिल्ह्याकडे पाहा. १९८१ पर्यंत हा कुलाबा जिल्हा होता. त्याला ‘रायगड’ हे नाव मिळाले तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री होते बॅरिस्टर अंतुले, याच जिल्ह्यातील आंबेतचे. आडनाव अस्सल कोकणी आणि पहिले नाव अब्दुल रहमान, अल्लाहला प्रिय असलेल्या दोन नावांपैकी एक. त्यांच्या राजकारणाविषयी मते वेगवेगळी असतील. पण ते नाव घेऊन कोकणातला एक मुलगा तिथवर पोचला आणि शिवरायांच्या राजधानीचे नाव जिल्ह्याला मिळाले.

कागदपत्रांविषयी थोडे. सातव्या दिवशी अकीका करून नाव ठेवणे सुन्नत आहे, प्रेषितांनी (स.) आपले पुत्र इब्राहीम यांचे नाव जन्माच्याच रात्री ठेवल्याचीही नोंद आहे. कायद्याने जन्माची माहिती २१ दिवसांत द्यावी लागते. नाव ठरले नसेल तर नोंद नावाशिवायही होते, आणि पुढे १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क, त्यानंतर विलंबशुल्क भरून १५ वर्षांपर्यंत नाव घालता येते. परंतु १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच आधार ठरला असल्याने दिरंगाई करू नये. दाखल्यावर मोहम्मद, आधारकार्डावर मुहम्मद, शाळेत महंमद आणि बँकेत नुसते ‘मो.’ अशी चार माणसे एकाच मुलात तयार होतात व हजच्या अर्जाच्या वेळी ती एकमेकांना ओळखत नाहीत. प्रेषितांचे (स.) नाव ‘मो.’ असे तोडून लिहिणे अदबीलाही धरून नाही.

ज्यांच्या मुलांची नावे आधीच ठेवून झाली आहेत त्यांनी हे वाचून अस्वस्थ होऊ नये. अर्थ चांगला किंवा निरुपद्रवी असेल तर नाव बदलण्याचे कारण नाही. अर्थ खरोखर वाईट असेल तर वय कितीही असो, नाव बदलावे. त्यासाठी दुसरा अकीका लागत नाही, राज्याच्या राजपत्रात नोंद करून घ्यावी लागते. ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे त्यांनी मनातली दोन-तीन नावे उर्दू आणि देवनागरी अशा दोन्ही लिप्यांत कागदावर लिहून जवळच्या आलिमांना दाखवावीत. नुसत्या फोनवर नाव सांगितले, तर ऐन आहे की अलिफ, ते आम्हालाही ऐकू येत नाही.