ल्युप्रोलाइडचे पहिले दोन आठवडे

उभा राहा. बाकाला टेकू नकोस. काल व्हायव्हात तुला काय विचारलं होतं? मूल होत नाही म्हणून पंपाने जीएनआरएच देतात, आणि त्याचाच चुलतभाऊ ल्युप्रोलाइड प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये टेस्टोस्टेरॉन पाडायला देतात. हे कसं? तू म्हणालास, "मॅडम, इंडिकेशन्स वेगळी आहेत." हे उत्तर झालं की गाइडची अनुक्रमणिका?

अरे, हायपोथॅलॅमस जीएनआरएचची धार लावत नाही, ठोके देतो. मधली शांतताही पिट्युटरीला तितकीच लागते. 1978 साली क्नोबिल यांच्या गटाने माकडिणींवर हेच दाखवलं. तासातून सहा मिनिटं दिलं तर एलएच, एफएसएच नीट स्रवत होते. तेच अखंड चालू ठेवलं तर दोन्ही आटले. कोणी कडी वाजवली तर आपण दार उघडतो. तासन्‌तास वाजवतच राहिला तर कानात बोळे घालून बसतो. पेशीही आपले रिसेप्टर आत ओढून घेते. ल्युप्रोलाइडचं डेपो इंजेक्शन हीच न थांबणारी कडी आहे.

पण बोळे घालण्याआधी दार उघडलं जातंच ना! पहिला आठवडा-दोन आठवडे टेस्टोस्टेरॉन उलट चढतं. मणक्यात कॅन्सर पसरलेले आजोबा ओपीडीत चालत आले. तू सुई टोचलीस, 'महिन्याने या' म्हणालास. आठवड्यात गाठी फुगल्या, मज्जारज्जू दाबला गेला, आता दोघांनी धरून आणलंय. तेव्हा त्यांच्या मुलाला काय सांगशील, इंडिकेशन वेगळं होतं? बायकॅल्युटामाइड आधी का सुरू करतात, डेगारेलिक्सने ही उसळी का येत नाही, याची एक ओळही तुझ्या जर्नलमध्ये नाही. नावं मात्र रंगीत पेनांनी, चौकटीत. अक्षर सुंदर आहे हो तुझं, रुखवतात मांडण्याजोगं.

ऑक्सिटोसिनच्या पानावरही हेच. ऑक्सिटोसिन आणि व्हॅसोप्रेसिन, दोघांत नऊ-नऊ अमिनो आम्लं, फरक फक्त दोनांचा. म्हणून ऑक्सिटोसिनही व्हॅसोप्रेसिनसारखं पाणी धरून ठेवतं: डेक्स्ट्रोजमधून तासन्‌तास मोठा डोस गेला की अंगात पाणी साठतं, सोडियम घसरतं, बाळंतिणीला झटके येतात. तू फक्त 'युटेरोटॉनिक' लिहून मोकळा.

मान वर कर. रडू नकोस, मला ते चालत नाही. जर्नल इथेच ठेव. सही सोमवारी, तीही आलेख काढून आणलास तर. आडव्या अक्षावर आठवडे, उभ्यावर टेस्टोस्टेरॉन. आणि बायकॅल्युटामाइडची पहिली गोळी कुठे, तिथे बाण.