तिकीट काढून पाहिलेले दुःख



हल्ली आपल्या धर्मग्रामातील बरीच कुटुंबे सुट्टीत परदेशी जाऊन येतात. आल्यावर फोटो दाखवतात, मी ते आवडीने पाहतो. पण त्यातून एक प्रश्न उभा राहतो. परक्यांच्या देशात जाऊन, तिकीट काढून, त्यांच्या दुःखाची जागा 'पाहणे' योग्य आहे काय?

उदाहरण झांजिबारचे घेतो, कारण तिथे मी एक दिवस काढला आहे. टांझानियाच्या किनाऱ्यापलीकडचे हे बेट. त्यातील स्टोन टाउन या जुन्या शहराला 2000 साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. अरुंद गल्ल्या, पितळी खिळ्यांचे कोरीव दरवाजे, लवंगेचा वास. दुपारपर्यंत पाहुणा खुशीत असतो. मग गाईड अँग्लिकन कॅथेड्रलपाशी नेतो. इथे गुलामांचा बाजार भरत असे. आफ्रिकेच्या आतल्या मुलखातून बांधून आणलेली माणसे इथे विकली जात. 1873 साली इंग्रजांच्या दबावाखाली सुलतान बर्गशने बाजार बंद केला आणि त्या जागी चर्च उभे राहिले. जिथे गुलामांना बांधून फटके मारत, तिथेच आल्तार आहे असे सांगतात. बाहेर एका खड्ड्यात दगडी माणसे उभी आहेत, गळ्यात साखळ्या. स्वीडिश शिल्पकर्ती क्लारा सोर्नास यांचे हे 1998 चे काम. काठावर उभे राहून लोक फोटो काढतात. हसतमुखाने.

संत ऑगस्टीन स्वतः आफ्रिकेचे. 'कन्फेशन्स'च्या दहाव्या भागात त्यांनी डोळ्यांच्या हव्यासाविषयी लिहिले आहे. छिन्नविच्छिन्न प्रेत पाहून सुख होत नाही, तरी लोक ते पाहायला धावतात, असे त्यांचे निरीक्षण. ॲरिस्टॉटलने मात्र पाहण्याच्या ओढीतच ज्ञानाचे मूळ शोधले. सेमिनरीत आम्ही दोघांनाही वाचले आणि दोघेही बरोबर वाटले.

मला वाटते, उत्तर चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात आहे. जखमी माणसाला याजकाने पाहिले, लेव्याने पाहिले, शोमरोन्यानेही पाहिले. संत लूक तिघांसाठी एकच क्रियापद वापरतो. फरक पाहण्याच्या पुढे पडला. म्हणून 'अशा जागी जाऊच नये' हे मत मला पटत नाही. याजकही दुसऱ्या बाजूने निघून गेला होता!

पण परदेशी माणसाला एक सोयीची सवलत असते. हे पाप अरबांचे, युरोपियनांचे; आपण फक्त पाहुणे. झांजिबारमध्ये भारतीयाला ही सवलत मिळत नाही. तिथल्या जकातीचा मक्ता कितीतरी वर्षे एका कच्छी पेढीकडे होता, आणि आणलेल्या गुलामांवरही जकात होती. भारतीय व्यापाऱ्यांच्या घरी गुलाम होते. 1860 साली इंग्रज कॉन्सल रिग्बीने त्यांना हजारो गुलाम मुक्त करायला लावले. आपण ख्रिस्ती तरी वेगळे होतो काय? पोर्तुगीज काळात मोझांबिकचे गुलाम गोव्याच्या बाप्तिस्मा घेतलेल्या घरांतही राबत होते. त्या शिल्पातली माणसे आपल्याकडेच पाहत आहेत असे वाटले तर ती काही नुसती भावुकता नाही.

जवळच्या संत मोनिका वसतिगृहाखाली बुटकी, अंधारी तळघरे दाखवतात. इथे गुलाम कोंडत, असे सांगतात. ही इमारतच बाजार बंद झाल्यानंतरची आहे, असे काही इतिहासकारांचे म्हणणे. मग तिथे डोळ्यांत आलेले पाणी खोटे काय? माझ्या मते नाही. मात्र बाजार खरा होता, एवढे पुरे आहे. दुःख वाढवून सांगावे लागत नाही. आणि बाजार बंद झाला तरी झांजिबारमध्ये गुलामगिरी 1897 पर्यंत कायदेशीरच होती, हेही गाईडला जरूर विचारा. तळघरात कण्हण्यापेक्षा एक नीट प्रश्न त्या गाईडलाही माणूस म्हणून अधिक मान देतो.

आणखी एक गोष्ट. त्या चर्चमध्ये एक लाकडी क्रूस आहे. 1873 साली डॉ. लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात वारले, तेव्हा त्यांचे हृदय ज्या झाडाखाली पुरले त्याच्या लाकडाचा. त्या झाडावर अक्षरे कोरली जेकब वेनराइट याने. लहानपणी गुलाम झालेला, सुटकेनंतर नाशिकच्या शरणपूर येथील मिशनमध्ये शिकलेला हा तरुण. सोबत्यांबरोबर त्याने लिव्हिंग्स्टनचा देह शेकडो मैल चालत समुद्रापर्यंत आणला, आणि 1874 साली वेस्टमिन्स्टर ॲबेतील दफनाच्या वेळी शवपेटीला खांदा दिला. कोरायला लागणारी ती अक्षरे तो आपल्या नाशिकमध्ये गिरवून गेला होता.

कुणी तिकडे जाणार असेल तर स्टोन टाउनमध्ये आपल्या कॅथलिकांचेही संत योसेफ कॅथेड्रल आहे. फोटो काढून झाल्यावर तिथे थोडे बसा.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू