फावल्या वेळातलं काम

नालासोपाऱ्यात आमच्या चाळीत दुपारची जेवणं उरकली की दारोदारी चटया पडायच्या. माल देणारी बाई ब्लाउजचे कापलेले गळे आणि टिकल्यांची पाकिटं ठेवून जायची. आई सुईच्या टोकावर एकेक टिकली उचलायची आणि मधल्या भोकातून टाका घालायची. पैसे डझनावर मिळायचे. तास कुणी मोजत नसे.

इंजिनिअरिंगच्या प्रवेश अर्जात 'आईचा व्यवसाय' या रकान्यात मी 'गृहिणी' लिहिलं. पहिल्या वर्षाच्या फीत टिकल्यांचे पैसे होते. मग मी खोटं लिहिलं का?

आई म्हणते, "खोटं कसलं? फावल्या वेळातलं काम ते."

मला हा 'फावला वेळ' खटकतो. कोडमधली चूक सापडत नाही तेव्हा मी तासन्‌तास नुसता स्क्रीनकडे बघत बसतो. त्याचाही मला पगार मिळतो. आईचा दोरा गुंतला तर सोडवण्याचा वेळ तिचा. सुई तिची, रात्रीचं विजेचं बिलही तिचंच.

तुम्ही म्हणाल, तिची हरकत नव्हती, मग अन्याय कुठे झाला? खरंय. घरी बसून, आमच्यावर लक्ष ठेवत काम करणं तिनेच निवडलं होतं. पण डझनाचा भाव तिने निवडला नव्हता. पहिल्या गोष्टीला दिलेला होकार आपण दुसरीलाही लावून टाकतो.

१९४८ च्या किमान वेतन कायद्याने माल घरी नेऊन काम करणाऱ्यांनाही कामगारांच्या व्याख्येत घेतलं होतं. घरी काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ मध्ये करार केला. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. म्हणजे कायद्याच्या कागदावर आई कामगार होती. मी भरलेल्या कागदावर नव्हती.

टिकलीला इंग्रजीत सिक्विन म्हणतात. हा शब्द व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावरून आला, आणि त्या नाण्याचं नाव अरबी 'सिक्का'वरून. आपलाही सिक्का तोच.

परवा बहिणीच्या लग्नासाठी घागरा घेताना मी घासाघीस करत होतो. आईने घेर उलटा करून आतले टाके पाहिले. "हाताचं काम आहे. भाव नको पाडूस."

मी पूर्ण पैसे दिले. त्यातलं शिवणारीपर्यंत काही पोचेल अशी खात्री दोघांनाही नव्हती.

घरी आल्यावर एक टिकली सैल निघाली. आईला आता सुईचं नेढं दिसत नाही, म्हणून दोरा मी ओवून दिला. तिने टिकली पक्की केली. या वेळी मी घड्याळ पाहिलं. चार मिनिटं लागली.