भिंतीतली भेग

काही वर्षांपूर्वी इंदूर येथे आम्ही एक जुने बैठे घर विकत घेतले. आयुष्याची पुंजी घालावयाची, म्हणून आधी एका इंजिनिअरकडून ते तपासून घेतले. महिना जानेवारीचा होता व भिंतींना नुकताच रंग दिलेला होता. त्यांनी तासभर फिरून भिंती ठोकून पाहिल्या, गच्ची पाहिली, नळ सोडून पाहिले आणि "हरकत नाही" असे सांगितले. पहिल्याच पावसाळ्यात स्वयंपाकघराची भिंत कमरेपर्यंत ओली झाली. पुढच्या मे महिन्यात खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी भेग उघडली. तिच्यात जुनी पुट्टी भरलेली होती!

माळव्याची काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसून फाटते. पाया उथळ असला की भिंतही तिच्याबरोबर हलते. हिवाळ्यात तासभर पाहणाऱ्याला हे कसे दिसावे? तरी माझा पहिला राग इंजिनिअरवरच निघाला. ते येऊन भेग पाहून गेले व खाली मान घालून म्हणाले, "मला जे दिसले ते मी सांगितले, जे दिसू शकले नाही तेही सांगायला हवे होते." त्यांची चूक एवढीच होती, आणि ती त्यांनी पदरात घेतली.

पूर्वीच्या मालकाचे मात्र तसे नव्हते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५५ वे कलम सांगते की, करारात वेगळे ठरले नसेल तर, आपणास ठाऊक असलेला पण घेणाऱ्यास साध्या काळजीने न सापडणारा मोठा दोष विकणाऱ्याने उघड केलाच पाहिजे. न करणे हे कपट होय. बिल्डरकडून नवे घर घेणाऱ्यास २०१६ च्या रेरा कायद्याने ताब्यापासून पाच वर्षे बांधकामातील दोष दुरुस्त करून मागण्याचा हक्क दिला आहे. एका गृहस्थाने दुसऱ्याला विकलेल्या जुन्या घराला तो आधार नाही. वकिलांनी विचारले, "पुट्टी त्यानेच भरली हे सिद्ध कसे कराल?" मी गप्प बसलो. कदाचित त्यालाही ते घर तसेच मिळाले असेल. आम्ही पदरचे पैसे घालून जमेल तेवढी डागडुजी केली, पण मनातली अढी गेली नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्यावरच घर विकण्याची वेळ आली. रंगारी म्हणाला, "साहेब, पुट्टी मारून देतो, कोणाला कळणारही नाही." वाचकहो, लाज वाटते, पण मी ताबडतोब "नको" म्हटले नाही. "घेणारा आपला इंजिनिअर आणीलच, सापडेल त्याला," असे मी मनाशी म्हणालो. रात्री पत्नीने एवढेच विचारले, "अहो, आपला इंजिनिअर आला होता तेव्हा त्याला सापडले होते का?"

हा प्रश्न फार जुना आहे. इ. स. पूर्व ४४ मध्ये सिसरो या रोमन विचारवंताने कर्तव्याविषयीच्या आपल्या ग्रंथात अशाच एका घराचे उदाहरण घेतले: लाकूड कुजके, खोल्यांत साप, आणि हे ठाऊक फक्त मालकाला. डायोजेनीस या तत्त्ववेत्त्याच्या मते, घेणाऱ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. त्याने आपले डोळे वापरावेत. अँटिपेटर म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखवणे जर वाईट, तर जाणूनबुजून एखाद्याला चुकू देणे त्याहून वाईट. सिसरोने कौल अँटिपेटरच्या बाजूने दिला. न बोलणे म्हणजे सदैव लपवणे नव्हे, हे तो मान्य करतो. परंतु समोरच्याला जे कळणे हिताचे आहे ते आपल्या लाभासाठी त्याला कळू न देणे, हे लपवणेच होय.

पवित्र शास्त्रात लेवीय १४ व्या अध्यायात घराच्या चट्ट्याचा नियम आहे. याजक घर पाहतो, सात दिवस बंद ठेवतो, पुन्हा येऊन पाहतो. चट्टा पसरला असेल तर ते धोंडे काढवतो. एकदा पाहून भागत नाही, हे त्या नियमाला ठाऊक आहे. पण हा भाग अनेकदा वाचूनही त्याच्या आरंभाकडे माझे लक्ष गेले नव्हते. याजक आपण होऊन येत नाही. घराचा मालकच त्याच्याकडे जातो व सांगतो की, माझ्या घरात चट्ट्यासारखे काही दिसते. त्याने खात्री करून घ्यावी असेही नाही. शंका आहे, एवढे बोलणे पुरे. तपासणी मालकाच्या तोंडून सुरू होते.

दुसऱ्या दिवशी घेणाऱ्या गृहस्थांना मी कपाट बाजूला सारून भेग दाखवली आणि पावसात ओल कुठवर चढते तेही सांगितले. त्यांनी किंमत बरीच खाली आणली. आम्हाला ते जड गेले, अजूनही जाते. मी फसलो तेव्हाचे नुकसान आणि खरे बोललो तेव्हाचे नुकसान, दोन्ही एकाच घरापायी मी सोसले. पण दुसऱ्या वेळची अढी मनात राहिलेली नाही.

घर घेणाऱ्यांनी शक्य तर ते भर पावसात पुन्हा पाहावे, तपासणाऱ्याकडून काय पाहता आले नाही तेही लिहून घ्यावे आणि विकणाऱ्याला सरळ विचारावे. विकणाऱ्याने मात्र विचारण्याची वाट पाहू नये. त्या भिंतीशेजारी उद्या कोणाची तरी चूल मांडली जाणार आहे.