आपण कोणाला हसतो?

चांगली कलाकृती पाहून माणूस सुधारतो काय आणि वाईट पाहून बिघडतो काय, हा वाद प्लेटोच्या काळापासून चालत आला आहे. आपल्या काळाने त्यात आणखी एका प्रश्नाची भर घातली. एखादा चित्रपट वाईट आहे हे पुरते ठाऊक असते आणि तो वाईट आहे म्हणूनच आवडीने पाहिला जातो. अशा प्रेक्षकाच्या आनंदाचे नैतिक मोल काय? प्रश्न चमत्कारिक वाटेल. परंतु अंधेरीपासून मुलुंडपर्यंत आपल्या अनेक घरांत, महाविद्यालयात जाणाऱ्या मुलांच्या खोलीत तो केव्हाच येऊन बसला आहे.

उदाहरण जवळचेच घेऊ. 1998 साली कांती शाह यांचा ‘गुंडा’ हा हिंदी चित्रपट आला. नायक मिथुन चक्रवर्ती. खलनायकांच्या टोळीत मुकेश ऋषी, शक्ती कपूर आणि मराठी रंगभूमीला परिचित असलेले मोहन जोशी. बशीर बब्बर यांनी लिहिलेले संवाद यमकांत बांधलेले आहेत. प्रत्येक दुष्ट माणूस बडबडगीत म्हणावे तशी आपली ओळख करून देतो. चित्रपट आला तसा गेला. परंतु पुढील दशकात अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या वसतिगृहांत तो एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर जात राहिला आणि त्याचे संवाद तोंडपाठ म्हणणाऱ्या चाहत्यांचा एक पंथच उभा राहिला.

असे पंथ इतरत्रही आहेत. हाँगकाँगमध्ये 1988 साली चित्रपटांची नवी वर्गवारी झाली आणि केवळ प्रौढांसाठी असलेला ‘तिसरा वर्ग’ अस्तित्वात आला. या वर्गात रक्तपात आणि कामुकता यांवर पोसलेल्या, अल्प खर्चाच्या कँटोनीज चित्रपटांचे अमाप पीक आले. दूरदेशींच्या शौकिनांनी त्यांच्या चित्रफिती हुडकून काढल्या आणि रत्ने सापडावीत तशा जपल्या.

या शौकिनांचे समर्थन ठरलेले असते. ते म्हणतात, “आम्ही हे खरे मानीत नाही. आम्ही त्याला हसतो. ज्याला हसले, त्याचा परिणाम कसला?” हे समर्थन वाटते तितके नवे नाही. संत ऑगस्टीन यांनी आपल्या ‘कबुलीजबाबा’च्या सहाव्या पुस्तकात आलिपियुस या मित्राची हकीकत सांगितली आहे. रोममध्ये कायदा शिकणाऱ्या या तरुणाला सोबत्यांनी ओढून द्वंद्वयोद्ध्यांच्या खेळाला नेले. देह तेथे नेलात तरी मन आणि डोळे माझ्याच ताब्यात राहतील, असे त्याने त्यांना बजावले आणि डोळे मिटून घेतले. तेवढ्यात समुदायाची आरोळी उठली. काहीही दिसले तरी आपण ते तुच्छ लेखू, या भरवशावर त्याने डोळे उघडले आणि त्या रक्ताने तो धुंद झाला. त्याचा भरवसा हाच त्याच्या पडण्याचा दरवाजा ठरला. ‘मी याच्या वर आहे’ असे म्हणणाऱ्याच्या हातून पहारा सर्वांत आधी सुटतो.

तरीही अशा चित्रपटांतील सगळेच हसणे एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. त्यात दोन हसणी मिसळलेली असतात. ती वेगळी केली पाहिजेत.

पहिले हसणे गरिबीला असते: मुखवट्याचे रबर सुटलेले, भिंत पुठ्ठ्याची, भूत धापा टाकणारे. रामसे बंधूंचे भयपट आठवा. 1970 सालचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ हा त्यांच्या वडिलांचा चित्रपट पडला. पण मुखवटा घातलेल्या पृथ्वीराज कपूर यांच्या दृश्याला प्रेक्षक दचकतात, एवढे त्या मुलांनी हेरले. 1972 साली ‘दो गज जमीन के नीचे’ आला. कोणी दिग्दर्शन, कोणी छायाचित्रण, कोणी ध्वनी, कोणी संकलन अशी सात भावांनी कामे वाटून घेतली होती. मढ बेटावरचे बंगले भाड्याने घेऊन, चार दिवसांचे काम दोन दिवसांत उरकून चित्रपट काढणाऱ्या मंडळींची जातही हीच. त्यांच्या तोकड्या साधनांत पाप नाही. विधवेच्या दोन दमड्या पाहून प्रभू येशू हसले नाहीत. अपुऱ्या साधनांनिशी हौसेने काही उभारणाऱ्याकडे मायेने पाहून हसू आले, तर ते हसणे घरातल्या माणसासारखे असते. त्यात तुच्छता शिरली, म्हणजे मात्र पोटभर जेवलेल्याने उपाशी माणसाच्या ताटाला हसावे तसे ते होते.

दुसरे हसणे याहून निराळे आहे. ‘गुंडा’मधील ज्या यमकांना दाद मिळते, त्यांतील कितीतरी यमके स्त्रीच्या देहाच्या विटंबनेची आहेत. बहिणींवर अत्याचार होतात, त्यांचे खून पडतात. आणि त्या सर्वांवर तुकबंदीची साखर पेरलेली असते. हसताना आपण संवादाला हसतो की त्या मुलीच्या किंकाळीला, हे सांगणे कठीण होते. पडद्यामागे तर याहून दारुण प्रकार चाले. परिनिरीक्षण मंडळाने न पाहिलेले अश्लील तुकडे चित्रपटगृहात चित्रपटाच्या मधोमध जोडले जात. धंद्यात त्यांना ‘बिट’ म्हणत. देह एका अनाम स्त्रीचा, आणि बदनामी पडद्यावरच्या नटीची. त्या अनाम स्त्रीचे नाव कोणत्याही श्रेयनामावलीत येत नसे.

हाँगकाँगचे उदाहरण याहूनही बोचणारे आहे. आपल्या वसई-साष्टीप्रमाणेच पोर्तुगीज अमलाचा इतिहास असलेल्या मकाव शहरात 1985 साली एका उपाहारगृहाच्या मालकाचे दहा जणांचे कुटुंब मारले गेले. त्यावर 1993 साली ‘द अनटोल्ड स्टोरी’ हा चित्रपट निघाला. मृतांच्या मांसाचे पाव करून विकल्याची शहरातील वदंता त्याने पडद्यावर आणली, आणि हत्याकांडाला जोड म्हणून पोलिसांच्या विनोदाची फोडणी दिली. प्रमुख नट अँथनी वाँग यांना हाँगकाँगचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. अभिनय खरोखरच मोठा असेल. पण त्या दहा जणांत मुले होती, हे मध्यरात्रीच्या खेळाला टाळ्या देणाऱ्या कितीजणांच्या ध्यानात राहते?

येथे कोणी म्हणेल, “मग बायबलमध्ये क्रौर्य नाही काय?” आहे. शास्ते या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय वाचताना अंगावर काटा येतो. ख्रिस्तसभा क्रौर्याच्या चित्रणाला घाबरत नाही. तिच्या प्रत्येक वेदीजवळ क्रूस असतो. खरा प्रश्न क्रौर्य दाखवले की नाही हा नसून, दाखवणारा आणि पाहणारा कोणाच्या बाजूला उभा आहे हा आहे. मार्कच्या शुभवर्तमानात शिपाई प्रभूला जांभळे वस्त्र घालतात, काट्यांचा मुकुट चढवतात, गुडघे टेकून मुजरा करतात. तेही एक स्वस्तातले नाटकच होते आणि त्याचे प्रेक्षक खदखदून हसत होते. शुभवर्तमानकाराने ते लपवले नाही. पण जिची थट्टा चालली होती त्या व्यक्तीच्या बाजूने ते लिहिले. वाचणारा आजही त्या हसण्यात सामील होऊ शकत नाही.

म्हणून आईबापांनी केवळ बंदी घालून भागणार नाही. पोप अकरावे पायस यांनी 1936 साली चित्रपटांविषयी परिपत्रक काढले, तेव्हा चित्रपटगृहाच्या दारावर पहारा ठेवणे शक्य होते. आज पडदा मुलाच्या खिशात आहे. पहारा आता विवेकाचाच हवा. मुलाबरोबर बसून एवढेच विचारावे, “आपण आता कोणाला हसलो?” उत्तर ‘सुटलेल्या मुखवट्याला’ असे आले, तर आपणही हसावे. उत्तर देताना तो घुटमळला, तर विवेक जागा आहे असे समजावे.

हे चित्रपट काढणाऱ्यांवर दगड उचलण्याचा अधिकारही आपल्याला नाही. 2023 साली ‘सिनेमा मरते दम तक’ या माहितीपट मालिकेत दिलीप गुलाटी, विनोद तलवार, किशन शाह आणि जे. नीलम या विस्मरणात गेलेल्या चार दिग्दर्शकांना पुन्हा एकेक लघुपट काढण्याची संधी देण्यात आली. ज्यांच्या नावावर केवळ हशा पिकत असे, ती हाडामांसाची, उतारवयातही कामाची ओढ असलेली माणसे आहेत, हे तिथे दिसले.

उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात नोहा द्राक्षारसाने बेशुद्ध होऊन उघडा पडला. हामने ते पाहिले आणि बाहेर जाऊन भावांना सांगितले. शेम आणि याफेथ मात्र खांद्यावर वस्त्र घेऊन पाठमोरे चालत आत गेले आणि त्यांनी पित्याला झाकले. पडद्यावर एखादे माणूस उघडे पडते तेव्हा आपल्यालाही हेच दोन मार्ग मोकळे असतात, आणि अंधारात बसलो म्हणून त्यांतून निवड करण्याचे टळत नाही.