साबण, हळद आणि ब्रेक

डिझेलच्या टाकीला बारीक चीर पडली की सोयगावचा मिस्त्री तिच्यात अंगाचा साबण घासून बसवतो. साबण पाण्यात विरघळतो, डिझेलमध्ये नाही. रेडिएटर झिरपला की आत मूठभर हळद! आता ही कारागिरी म्हणायची की फसवणूक? माझ्या मते ते मिस्त्री तोंड उघडतो की नाही, यावर आहे. "सिल्लोडपर्यंत जाईल, तिथं टाकी झाळून घ्या," असं तो बजावतो, तेव्हा साबणसुद्धा प्रामाणिक होतो. (आमच्या बँका हेच बारीक अक्षरांत छापतात.)

मात्र ब्रेकच्या पायपाला ट्यूबची पट्टी गुंडाळ म्हटलं, तर हाच माणूस पाना खाली ठेवतो. वाटेत अजिंठ्याचा घाट आहे. ड्रायव्हर चिडतो, शेठ दुप्पट पैसे देऊ करतात. मिस्त्री टाकीपासून लांब जाऊन बिडी पेटवतो.

"जळगावहून पायप मागवा. तोवर चहा घ्या."